‘उपयोग’ हा रकाना भरण्याआधी: गावची नोंदवही नव्याने लिहिणाऱ्या गटासाठी

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका अभ्यासगटाचा प्रश्न आहे. त्यांच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पिकं आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायची वही, 2020 च्या सुमारास बाहेरच्या माणसांनी भरून दिली होती, ती आता गाव स्वतः लिहिणार आहे. गटातली कृषी पदविका घेतलेली मुलं म्हणतात, शास्त्राने सिद्ध झालं तेवढंच लिहू. म्हातारी माणसं म्हणतात, लिहायचं तर आमचं सगळं लिहा. छापील तक्त्यात ‘उपयोग’ असा एक रकाना आहे, गाडी तिथेच अडली आहे. कोणतं ज्ञान उपयोगाचं, आणि ते ठरवायचं कोणी?

गाडी योग्य जागी अडली आहे, म्हणून घाईने पुढे ढकलू नका. पहिली नोंदवही अशी का झाली हे आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या स्थानिक संस्थांच्या नोंदवह्या पूर्ण करायला 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली होती, आणि त्यानंतर राज्याला दर महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असं सांगितलं होतं. मुदतीच्या धाकाने पुष्कळ ठिकाणी एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटली. ‘कडुनिंब – औषधी’, ‘मोह – खाद्य’, ‘पळस – इतर’. यातली एकही ओळ खोटी नाही, पण एकही ओळ कोणाच्या कामाची नाही.

‘उपयोग’ हा एक रकाना खोडून त्याचे चार करा: काय उपयोग, कोणाला, कोणत्या वेळी, आणि तो कोणत्या मापाने मोजला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ज्याच्या हातात माप असतं तोच उपयोग ठरवतो, आणि बहुतेक वेळा हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेंदू घ्या. ठेकेदाराच्या हिशेबात तेंदू म्हणजे विडीचं पान. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी. या मापात झुडूप जितकं बुटकं आणि फुटवा जितका कोवळा तितका तेंदू उपयोगाचा, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी छाटणी होते आणि खाली आगही लागते. त्याच झाडाला वाढू दिलं तर टेंभरं ही फळं लागतात. ती पोरं खातात, अस्वलं खातात, पाखरं खातात. टेंभरांची गोणी कुठल्या लिलावात नसते, त्यामुळे कागदावर त्यांचा उपयोग शून्य. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपान तोडणं बंद केलं, कारण छाटणी आणि आग यांनी जंगल मोडतं आणि फळं जातात असं त्यांचं मत पडलं. त्यांनी बांबूवर भर दिला. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी त्याच कायद्याच्या आधाराने तेंदूपानाचा लिलाव स्वतः करायला घेतला. कोणती ग्रामसभा शहाणी असा हा वाद नाही. दोघींनी वेगळं माप धरलं, आणि ते माप त्यांनी स्वतः बसून ठरवलं. तुमच्या नोंदवहीत ‘तेंदू’ या नावापुढे पान आणि फळ या दोन वेगळ्या ओळी हव्यात, आणि एकीमुळे दुसरीचं काय होतं हेही हवं.

मातीचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी ही मातीची नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इंग्रजी अमदानीत जमाबंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना जेव्हा सारा ठरवायचा होता, तेव्हा त्यांनी हीच नावं सरकारी कागदांत घेतली. वसुलीला कामाचं होतं तोवर गावचं ज्ञान प्रमाण होतं. आज त्या जागी मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासून शेतकऱ्याला मिळणारा सरकारी कागद, आली आहे. तिच्यात 12 गोष्टी मोजलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजनेच्या आखणीप्रमाणे ओलिताखाली अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत 10 हेक्टरला एक. आता 10 हेक्टरांत तुमच्या गावी वरची बांधी (धानाचा बांध घातलेला तुकडा) मुरमाड बर्डी आणि खालची काळी, पाणी धरणारी कन्हार असू शकते, म्हणजे एक पत्रिका दोन जमिनींबद्दल एकच गोष्ट सांगते.

म्हणून पत्रिका फेकायची का? मुळीच नाही. धानाचं पान गंजल्यासारखं तपकिरी पडतं तो खैरा रोग जस्त कमी असल्याने येतो, आणि ‘आमची कन्हार आहे’ एवढं माहीत असून जस्त किती हे कळत नाही. उलट कन्हार या नावात पाणी किती दिवस थांबेल, पहिल्या पावसानंतर नांगर कधी चालेल, कटाई झाल्यावर ओलीवर लाखोळीची डाळ निघेल का, हे सगळं बसलं आहे, आणि ते पत्रिकेच्या बारा आकड्यांत नाही. दोन्ही एका ओळीत लिहा: बांधीचं नाव, मातीचं नाव, उतारावरची जागा, आणि त्या बांधीचा स्वतंत्र नमुना. नमुना घेताना इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा वीतभर खोल करून त्याच्या भिंतीची पातळ चकती घ्यायची. अशा आठ-दहा जागा. सगळी माती घमेल्यात एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. धुऱ्याजवळ, शेणखताच्या ढिगाखाली किंवा झाडाच्या सावलीत घेतलेला नमुना चुकीचाच येतो. खताच्या रिकाम्या पोत्यात भरला तरी आकडे बिघडतात.

आता धान. वेळ सगळ्यात जास्त इथे द्या, कारण सगळ्यात जास्त इथेच हरवतं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये पटेल-3 या वाणाच्या धानात तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वर्षामागून वर्ष निवड केली, आणि त्यातून बारीक दाण्याचा धान उभा राहिला. घड्याळाच्या नावावरून लोक त्याला एचएमटी म्हणू लागले. 1994 मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्यांच्याकडून बियाणं नेलं, आणि 1998 मध्ये शुद्धीकरण करून ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने 2005 मध्ये दादाजींचा गौरव केला. 2018 मध्ये ते गेले. दीड एकराच्या या शेतकऱ्याने केलेली निवड आणि विद्यापीठाने केलेलं शुद्धीकरण ही दोन्ही खरी कामं आहेत. प्रश्न एवढाच की पहिल्या कामाची तारीखवार नोंद करण्याची सोय कुठल्या दप्तरात होती? नव्हती. तुमची नोंदवही ती जागा होऊ शकते, म्हणून ती नेटकी हवी.

नुसतं नाव लिहिणं कुचकामी आहे. एका गावचा लुचई नावाचा धान दुसऱ्या गावी वेगळा निघतो, आणि एकच धान दोन नावांनी नांदतो. प्रत्येक वाणाच्या दहा लोंब्या दांड्यासकट कापून, जुडी बांधून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. मग लिहा: हलका (लवकर पिकणारा), मध्यम की भारी (उशिरा पिकणारा). आवत्या टाकतात (बी थेट फेकून पेरतात) की रोवणी करतात. पऱ्हे (रोपं) किती दिवसांचे असताना उपटले. निसवला (लोंबी बाहेर पडली) कधी, कापला कधी, आणि हे नक्षत्र व तारीख दोन्हींत. नुसतं ‘आर्द्रात पेरला’ लिहिलं तर वीस वर्षांनी मुलांना अर्थ लागणार नाही. नुसती 25 जून लिहिली तर आजोबांना ती नोंद आपली वाटणार नाही. वाऱ्याने लोळतो का, करपा येतो का, तुडतुडे बसतात का, रानडुकरं आधी कुठल्या वाणावर पडतात.

यानंतरचे प्रश्न बायांना वेगळ्या बैठकीत विचारा. पुरुषांसमोर विचारले तर पुरुषच उत्तर देतात आणि अर्धं ज्ञान नोंदीबाहेर राहतं. भात फुगतो किती, सकाळचा भात रात्री कडक होतो का, पोह्याला कोणता, मुरमुऱ्याला कोणता, बाळंतिणीला कोणता, धान साठवायच्या ढोलीत कशाला लवकर कीड लागते. आणि तणसाचं, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचं, विचारायला विसरू नका. बुटक्या वाणांचा एकरी उतारा चांगला येतो पण तणस कमी पडते, आणि बैलजोडी असलेल्या घरात तो तोटा खरा असतो. एकरी क्विंटल हे माप तणस मोजत नाही. उंच वाण ‘कमी उत्पादनाचा’ ठरला तो या मापाने. तुम्ही दाणा आणि तणस दोन्ही तोला.

तोलायचं कसं? वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या बांध्यांची तुलना करू नका, त्यात वाणापेक्षा माती आणि खत जास्त बोलतं. एकाच बांधीत तीन मीटर बाय तीन मीटरचे तुकडे आखा, प्रत्येक वाणाचे तीन, आणि ते शेजारी-शेजारी न ठेवता विखरा. पाण्याच्या तोंडाशी एकाच वाणाचे तिन्ही आले तर निकाल गेला. खत, रोवणीचं अंतर, निंदण सारखं. कडेच्या दोन ओळी सोडून मधलंच कापायचं, वाळवून मग वजन करायचं. एका हंगामावरून निकाल लावू नका. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी भारी धान जिंकतो, आणि सप्टेंबरात पाऊस दगा देतो त्या वर्षी हलका. म्हणून किमान तीन हंगाम, आणि ‘कोणत्या वर्षी कोणता’ असाच निकाल लिहा.

बियाणं राखताना दोन वाणांत तीन मीटर अंतर ठेवा. धान बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून एवढं पुरतं. निसवताना एकदा आणि पिकताना एकदा बांधीत फिरून वेगळी दिसणारी झाडं उपटा, पण उपटलेलं प्रत्येक झाड कचरा समजू नका. दादाजींच्या तीन लोंब्या अशाच वेगळ्या होत्या. एखादं झाड खरंच चांगलं दिसलं तर त्याची लोंबी स्वतंत्र पिशवीत. भेसळ बहुतेक वेळा शेतात होतच नाही, ती चुरण्याच्या (मळणीच्या) वेळी होते. मळणी यंत्रात आधीच्या शेतकऱ्याच्या वाणाचे दाणे राहतात. बियाण्याच्या लोंब्या हाताने झोडपा.

पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगलेलं काढा, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उगवण पाहायला 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि मोजा. प्रमाणित धान-बियाण्याला 80 टक्के उगवण लागते. तुमच्या आजीची ओल्या फडक्यातली पद्धत आणि प्रयोगशाळेची पद्धत या कामी एकाच तत्त्वावर चालतात, फरक मोजणीचा आणि लिहून ठेवण्याचा आहे. पदविकाधारक मुलांनी नेमका हाच भाग उचलावा.

वाण खरोखर गावचा असेल तर 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली ‘शेतकरी वाण’ म्हणून त्याची नोंदणी करता येते. शेतकऱ्याला शुल्क नाही. अर्जासोबतच्या जोडपत्रावर, ही नोंदवही ठेवणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची किंवा सचिवाची शिफारस चालते, म्हणजे तुमच्या समितीलाच इथे अधिकार आहे. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे का हे तपासतात. देशी वाणाची अडचण ‘एकसारखा’ या अटीवर होते, कारण त्यात थोडं वैविध्य असतंच, आणि दुष्काळात तेच त्याला तारतं. शेतकरी वाणासाठी वेगळ्या झाडांची मुभा दुप्पट ठेवली आहे. पिकांच्या वाणाला संरक्षण 15 वर्षांचं. अर्ज अडकतो तो बहुधा बियाणं अपुरं किंवा भेसळीचं पाठवल्यामुळे. म्हणून आधी दोन हंगाम बियाणं वाढवा, मग अर्ज करा.

तलावाकडे वळू. मालगुजारी तलावांची पाळ, सांडवा, पाट आणि पाणी वाटणारा पाणकर ही कोहळी समाजाने उभी केलेली व्यवस्था. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून सिंचन एका खात्याचं, मासे दुसऱ्याचं, गाळ तिसऱ्याचं झालं, आणि प्रत्येकाचं माप निराळं. सिंचनाला हेक्टर, माशाला किलो, गाळाला घनमीटर. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना तलाव एकसंध माहीत आहे: उथळ काठावर देवधान (रानधान) आणि पाणगवत, त्यात माशांची अंडी, मध्ये खोल डोह, त्यात उन्हाळा काढणारे मोठे मासे. घनमीटर भरायचे म्हणून यंत्राने काठापासून सरळ उभा खड्डा काढला की आकडा पूर्ण होतो आणि अंडी घालायची जागा संपते. शिवाय तळाचा चिकण थर फोडला तर तलाव गळायला लागतो. गाळ काढायचा असेल तर ढिवरांसोबत काठाने चालून आधी खुंट्या ठोका: खुंटीच्या आत यंत्र, खुंटीबाहेर नाही. एका वर्षी तलावाचा एकच भाग. बेशरम हे तण मात्र मुळासकट काढा, ती तोडून टाकली तर तुकड्यातूनही फुटते.

माशांच्या नोंदीत रोहू, कटला, मिरगल यांचं बीज किती सोडलं हे मच्छीमार सोसायटीच्या वहीत असतंच. तुम्ही मरळ, मांगूर, शिंगी, शिवडा, झिंगे लिहा, आणि पहिल्या पावसात कोणता मासा कोणत्या नाल्याने चढतो हे नकाशावर रेघेने दाखवा. घरात खाल्ला जाणारा बारीक मासा बाजारात न तोलल्यामुळे कुठेच मोजला जात नाही. चार घरांत आठवड्यातून दोनदा, वर्षभर, ताटात कोणता मासा होता एवढंच विचारून लिहा. तलावाचा खरा उपयोग त्या वहीत दिसेल.

आता म्हाताऱ्या माणसांच्या मागणीकडे. ‘सगळं लिहा’ हे मान्य, पण लिहिणं म्हणजे खरं ठरवणं नव्हे. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: पाहिलेलं, ऐकलेलं, तपासलेलं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते, आणि तिचं पीकपाण्याचं भाकीत विदर्भभर ऐकलं जातं. तुमच्या गावातही टिटवीची अंडी, मोहाचा बहर यांवरून पावसाचे अंदाज असतील. अंदाज पावसाआधीच, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. पाऊस पडून गेल्यावर आठवून लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर येतो, म्हणून तो नोंदीत धरू नका. शाळेच्या मोकळ्या अंगणात, झाड आणि भिंतीपासून दूर, पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. पाच वर्षांनी जुळवून बघा. पेरणी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, अंदाज कोणाचाही असो. हाच पर्जन्यमापक दुसरीकडेही कामी येतो. अतिवृष्टी म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि तो मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर. पाऊस तुमच्या शिवारात पडला आणि केंद्रावर पडला नाही, तर पंचनाम्याच्या अर्जाला रोजच्या वाचनाची वही जोडता येते.

एका ठिकाणी मात्र तडजोड नको. सर्पदंशावरचा मंत्र किंवा मुळी ‘उपचार’ म्हणून लिहू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर प्रतिसर्पविष हेच औषध आहे. मण्यारचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, सूज दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात तेव्हा घरचे मांत्रिकाकडे नेतात. तेवढ्यात श्वास थांबतो. दवाखान्यातली एक चाचणी अगदी साधी आहे: दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. मण्यार आणि नाग यात सापडत नाहीत, म्हणून रक्त गोठलं तरी पापण्या बघाव्याच लागतात. तरीही गावच्या जाणकाराला नोंदीतून वगळू नका. लोक आधी त्याच्याकडे जातात, आणि कोणता साप कोणत्या महिन्यात कुठे निघतो हे त्याला माहीत असतं. त्याच्या नावापुढे लिहा: साप ओळखतो, 108 ला लगेच फोन करतो. तो ही जबाबदारी घ्यायला तयार आहे का हे त्याला विचारूनच.

वैदूंचे नुस्खे, कोणत्या कंदाची किती मात्रा, हे नोंदवहीत उघडं लिहू नका. वहीत फक्त ‘या गावात हे ज्ञान असलेली व्यक्ती आहे’ एवढं, आणि तेही तिच्या संमतीने. जैवविविधता कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर ग्रंथांत नोंदलेल्या, म्हणजे संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या, म्हणजे ज्ञान वापरणाऱ्याने लाभातला वाटा देण्याच्या, तरतुदींतून सूट मिळाली आहे. तोंडी चालत आलेलं ज्ञान त्या सुटीत येत नाही, म्हणून ते छापायचं की नाही हे घाईने ठरवू नका. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ट), म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘के’ उपकलमात, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य आहे. ग्रामसभेच्या ठरावात त्याचा उल्लेख करून ‘ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय नोंदीची प्रत देऊ नये’ असं लिहून घ्या.

ठरवायचं कोणी, याचं उत्तर यातच आहे, पण प्रत्यक्षात ते असं चालवा. प्रत्येक विषयाची पहिली बैठक त्या ज्ञानाने काम करणाऱ्यांची: तलावाला ढिवर, रानभाज्यांना बाया, चराईला गुराखी. दुसऱ्या बैठकीत मुलं मोजमाप आणि शास्त्रीय नावं घेऊन येतील. मतभेद मिटवू नका, दोन्ही म्हणणी एकाखाली एक लिहा आणि कोणत्या हंगामात तपासायचं तो महिना लिहा. तिसऱ्यांदा ग्रामसभेत वाचन. वाचन मराठीत आणि घरची बोली गोंडी असेल तर गोंडीतही, नाहीतर माना डोलतील आणि चुका तशाच राहतील.

आत्ता भाद्रपद चालू असेल तर धानापासून सुरुवात करा. हलका दसऱ्याच्या आसपास कापला जाईल, भारी दिवाळीनंतर. मधल्या महिन्याभरात बांध्यांतून दोनदा फिरलात तर लोंब्यांचं काम पहिल्याच वर्षी पूर्ण होईल. तलावाची बैठक उन्हाळ्यात घ्या, पाणी उतरलेलं असतं आणि काठ चालून दाखवता येतो.